तीन मिनिटांची अमेरिका

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिली गेली. तिची उद्देशिका अवघ्या ५२ शब्दांची आहे. सत्तरच्या दशकात लहान असलेल्या कितीतरी अमेरिकनांना ती आजही तोंडपाठ आहे, पण एका अटीवर: ती चालीत म्हणायला हवी. नुसती वाचल्यासारखी म्हणायला लावली तर माणसं अडखळतात. गुणगुणायला लागली की थेट शेवटापर्यंत जातात. ही चाल त्यांना शाळेत कुणी शिकवली नव्हती. शनिवारी सकाळी टीव्हीवर दोन कार्टूनच्या मध्ये लागणाऱ्या तीन मिनिटांच्या चित्रगीतानं ती दिली होती.

या गाण्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. घटनेत ‘आम्ही लोक’ या शब्दांपाठोपाठ देशाचं नाव येतं. चालीत बसेना म्हणून गाण्यात ते गाळलं गेलं. ज्यांनी उद्देशिका गाण्यातून पाठ केली, त्यांच्या उद्देशिकेत ते शब्द नाहीत. गाणं जे देतं ते जन्मभर टिकतं, आणि गाणं जे गाळतं ते गाळलं गेल्याचंही कळत नाही. मुलांना संगीतातून इतिहास शिकवण्याच्या अमेरिकेतल्या साऱ्या खटाटोपाकडे याच नजरेनं पाहायला हवं.

पाढे, जाहिरात आणि जॅझ

सुरुवात इतिहासापासून झाली नाही, पाढ्यांपासून झाली. न्यूयॉर्कमधल्या मकॅफ्री अँड मकॉल या जाहिरात कंपनीचे प्रमुख डेव्हिड मकॉल यांच्या मुलाला पाढे पाठ होत नव्हते, पण रॉक गाणी मात्र शब्दन् शब्द येत होती. मग पाढेच गाण्यात का घालू नयेत, असं मकॉल यांच्या मनात आलं. सुरात पाढे म्हणत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण मकॉल यांनी हे काम पाठ्यपुस्तकवाल्यांकडे सोपवलं नाही. त्यांचे सहकारी जॉर्ज न्यूअल यांनी जॅझ गायक-संगीतकार बॉब डरो यांना गाठलं. मुलांसाठी लिहायचं म्हणून पातळी खाली आणू नका, एवढी एकच सूचना डरो यांना मिळाली. त्यांनी तीनच्या पाढ्यावर गाणं रचलं. ते ऐकता ऐकता कला दिग्दर्शक टॉम योह यांनी चित्रं काढायला घेतली, आणि ध्वनिमुद्रिकेसाठी सुचलेल्या कल्पनेचा चित्रपट झाला.

एबीसी ही दूरचित्रवाहिनी या कंपनीची ग्राहक होती. तिथे मुलांच्या कार्यक्रमांची जबाबदारी तरुण मायकेल आयस्नर यांच्याकडे होती. पुढे डिस्नीचे प्रमुख झाले ते हेच. काळही अनुकूल होता. ‘सेसमी स्ट्रीट’ १९६९ मध्ये सुरू झालं होतं, आणि मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींच्या माऱ्याविरुद्ध बोस्टनमधल्या पालकांनी संघटना उभारली होती. वाहिन्यांना काहीतरी भरीव दाखवणं भाग होतं. जानेवारी १९७३ मध्ये ‘स्कूलहाउस रॉक’ सुरू झालं. पाढ्यांनंतर व्याकरण आलं, आणि व्याकरणानंतर इतिहासाची पाळी आली.

दोनशेव्या वर्षाची गाणी

१९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होणार होती. त्या निमित्तानं ‘अमेरिका रॉक’ ही मालिका निघाली. तिच्यातली बरीचशी गाणी लिन अ‍ॅरन्स यांची. त्या याच कंपनीत सेक्रेटरी होत्या. जेवणाच्या सुट्टीत गिटार वाजवताना न्यूअल यांनी त्यांना ऐकलं आणि गाणं लिहायला सांगितलं. याच अ‍ॅरन्स पुढे ब्रॉडवेच्या नामवंत गीतकार झाल्या. ‘रॅगटाइम’ या संगीतिकेच्या गाण्यांसाठी १९९८ मध्ये त्यांना आणि संगीतकार स्टीफन फ्लॅहर्टी यांना टोनी पुरस्कार मिळाला.

या मालिकेची कारागिरी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. ‘नो मोअर किंग्ज’मध्ये मेफ्लॉवर जहाजावरच्या यात्रेकरूंपासून बोस्टनच्या चहापर्यंतचा प्रवास येतो. ‘द शॉट हर्ड राउंड द वर्ल्ड’मध्ये डरो एप्रिल १७७५ च्या लेक्सिंग्टन-कॉन्कर्डच्या चकमकीपासून निघून सगळं स्वातंत्र्ययुद्ध गातात. सर्वांत गाजलं ते ‘आय अ‍ॅम जस्ट अ बिल’. डेव्ह फ्रिशबर्ग यांचं हे गाणं जॅक शेल्डन यांनी गायलं. संसदेच्या पायऱ्यांवर बसलेलं कागदाचं एक भेंडोळं एका मुलाला आपली कहाणी सांगतं: आपण अजून विधेयकच आहोत, समितीत अडकलो आहोत, दोन्ही सभागृहांतून पार पडायचं आहे, आणि नंतरही राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात. रेल्वे फाटकावर शाळेच्या बसनं थांबलंच पाहिजे, एवढंच त्या विधेयकात आहे. लोकशाहीतली सगळ्यात रुक्ष प्रक्रिया इथे एका पात्राची धडपड होते, आणि ते पात्र आठवलं की प्रक्रियाही आठवते. नागरिकशास्त्र शिकवण्याची इतकी नेटकी युक्ती माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

हीच गाणी पुढे रंगमंचावर गेली. १९९३ मध्ये शिकागोत ‘स्कूलहाउस रॉक लाइव्ह’ उभं राहिलं. शाळेतल्या पहिल्या दिवसाच्या धास्तीनं टीव्ही लावून बसलेल्या एका नवख्या शिक्षकाच्या घरात ही गाणी माणसांच्या रूपात अवतरतात, असं त्याचं कथासूत्र. शाळांसाठी त्याची छोटी आवृत्तीही निघाली. इतकी वर्षं ऐकणारी मुलं आता स्वतः विधेयक होऊन उभी राहू लागली.

गाण्याबाहेर राहिलेली माणसं

आता दुसरी बाजू. मेफ्लॉवर १६२० मध्ये आली तेव्हा इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स होता. ज्याच्याविरुद्ध वसाहती उठल्या तो तिसरा जॉर्ज. बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा फेकला गेला तो डिसेंबर १७७३ मध्ये. दीडशे वर्षांचं हे अंतर ‘नो मोअर किंग्ज’च्या तीन मिनिटांत मिटून जातं. कालक्रमाची अशी ओढाताण शिक्षकाला एका वाक्यात दुरुस्त करता येते. गाण्यातून माणसंच गायब झाली तर ते इतकं सोपं राहत नाही.

‘एल्बो रूम’ हे गाणं अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या विस्ताराचं. १८०३ मध्ये नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला घेतलेला लुइझियानाचा प्रदेश, तो धुंडाळणारी लुईस आणि क्लार्कची मोहीम, त्यांच्यासोबतची मूलनिवासी स्त्री सॅकाजविया, सगळं यात येतं. हातपाय पसरायला जागा हवी म्हणून देश सरकत सरकत समुद्रापर्यंत पोहोचतो. त्या जागेत आधीपासून राहणाऱ्यांचं काय झालं, हे गाणं सांगत नाही. १८३० मध्ये मूलनिवासींना हटवण्याचा कायदा झाला. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलण्यात आलं, तेव्हा सुमारे चार हजार माणसं दगावली असं मानलं जातं. आनंदी चालीत ही माणसं मावली नाहीत.

गुलामगिरीबाबतही तसंच. १७९० च्या पहिल्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती, आणि त्यांतले सुमारे सात लाख गुलाम होते. म्हणजे दर सहा माणसांमागे एकाहून अधिक. उद्देशिकेतल्या ‘आम्ही लोक’मध्ये ते नव्हते. स्वातंत्र्याची गाणी गाणाऱ्या या मालिकेत त्यांच्या वाट्याला एकही गाणं आलं नाही. स्त्रियांच्या मताधिकारावर मात्र एक जोरकस गाणं आहे. म्हणजे अन्याय आणि लढा चालीत बसत नाही, हे कारण खरं नाही. प्रश्न निवडीचा होता.

हे मराठी माणसानं जाणून घ्यावं याला एक सबळ कारण आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्याआधी, १८६९ मध्ये, त्यांनी शिवाजीराजांचा पवाडा रचला होता. गाऊन सांगितलेल्या इतिहासाची ताकद ते पुरेपूर ओळखून होते, आणि म्हणूनच त्या इतिहासात कोण असावं हा प्रश्न त्यांनी लावून धरला. अमेरिकेच्या इतिहासातल्या ज्या माणसांना पुण्यातून मान दिला गेला, त्यांचीच जागा शंभर वर्षांनी अमेरिकेच्या मुलांच्या गाण्यांत रिकामी राहिली.

एकच नाट्यगृह, दोन संगीतिका

ब्रॉडवेवरच्या मोठ्यांच्या संगीतिकांनी ही जागा भरण्याचा प्रयत्न केला. शर्मन एडवर्ड्स हे एके काळचे इतिहासाचे शिक्षक. त्यांची ‘१७७६’ ही संगीतिका मार्च १९६९ मध्ये फोर्टी-सिक्स्थ स्ट्रीट थिएटरमध्ये उघडली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातला गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा परिच्छेद कसा काढून टाकला गेला, यावर तिच्यातला कळीचा प्रसंग उभा आहे. गुलामांच्या व्यापारातून उत्तरेच्या व्यापाऱ्यांनीही पैसा केला, हे तिच्यातलं एक गाणं तोंडावर सांगतं. तरीही याच नाटकातला, जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा जेफर्सन आपले गुलाम मुक्त करण्याचा निश्चय बोलून दाखवतो. खऱ्या जेफर्सनच्या मालकीत हयातभरात सहाशेहून अधिक माणसं होती, आणि त्यांतल्या अगदी मोजक्यांना त्यानं मुक्त केलं.

त्याच नाट्यगृहात, रिचर्ड रॉजर्स हे नवं नाव मिळाल्यानंतर, ऑगस्ट २०१५ मध्ये लिन-मॅन्युअल मिरांडा यांची, देशाच्या संस्थापकांपैकी एका हॅमिल्टनवरची, ‘हॅमिल्टन’ आली. देशाच्या संस्थापकांच्या भूमिका कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कलाकारांनी केल्या, संवाद रॅपमध्ये आले. ज्या मुलांना हा इतिहास परका वाटायचा त्यांना तो आपला वाटला, हे या नाटकाचं मोठं श्रेय. त्याच वेळी लायरा मॉन्टेरो आणि अ‍ॅनेट गॉर्डन-रीड या इतिहासकारांनी नेमकी उणीव दाखवली. रंगमंचावर कृष्णवर्णीय कलाकार आहेत, पण त्या काळातली कृष्णवर्णीय माणसं पात्र म्हणून कुठे आहेत?

विद्यार्थी गीतकार होतो तेव्हा

मला सर्वांत आशादायक वाटतो तो या नाटकाभोवती उभा राहिलेला शालेय उपक्रम. गिल्डर लेहरमन इन्स्टिट्यूट ही इतिहास-शिक्षणाची संस्था आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी २०१६ मध्ये तो सुरू केला. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतल्या, मुख्यतः कमी उत्पन्नाच्या घरांतल्या २० हजार विद्यार्थ्यांना दहा डॉलरमध्ये नाटक दाखवायचं ठरलं. दहा डॉलरच्या नोटेवर चेहरा हॅमिल्टनचाच असतो. पण तिकिटाआधी गृहपाठ होता. मुलांनी त्या काळातली पत्रं, भाषणं, वृत्तपत्रं, दस्तऐवज वाचायचे, एखादी व्यक्ती किंवा घटना निवडायची आणि तिच्यावर स्वतः रॅप, कविता किंवा प्रवेश लिहायचा. प्रयोगाच्या दिवशी सकाळी निवडक मुलांनी ब्रॉडवेच्या त्याच मंचावर तो सादर करायचा, कलाकारांना प्रश्न विचारायचे, आणि दुपारी नाटक पाहायचं.

इथे निवडीचा अधिकार मुलांच्या हाती येतो. आपल्या दोन मिनिटांत काय बसवायचं आणि काय सोडायचं, हे विद्यार्थिनीला स्वतः ठरवावं लागतं. एकदा ते ठरवलं की दुसऱ्याच्या गाण्यातली निवडही तिला दिसू लागते. नाटकात नसलेल्या माणसांकडे वळायलाही तिला कुणाची परवानगी लागत नाही, कारण तिच्यापुढे मूळ कागद आहेत.

‘स्कूलहाउस रॉक’ची गाणी टाकून द्यावीत असं मला मुळीच वाटत नाही. इतक्या प्रेमानं आणि कसबानं लोकशाही मुलांपर्यंत नेणारं काम विरळा, आणि २०१८ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत त्या गाण्यांच्या संचाला मिळालेलं स्थान सर्वस्वी योग्य आहे. ती वर्गात जरूर वाजवावीत, मुलांनी मोठ्यानं गावीत. त्यानंतर शिक्षकानं दोनच गोष्टी कराव्यात. या गाण्यात कोण नाही, हे मुलांना शोधायला सांगावं. आणि जे नाही त्यांच्यासाठी, त्याच चालीत, एक नवं कडवं लिहायला सांगावं. पाठांतरानं सुरू झालेलं शिक्षण तिथे इतिहासाचं शिक्षण होईल.