परसात सापडलेली शिवराई कोणाची?

मेटल डिटेक्टर आता घरबसल्या मागवता येतो आणि जुन्या वाड्याच्या परसात फिरवला की काही ना काही वाजतंच. खिळे, बैलाचा नाल, कुलपाचा तुकडा, कधी हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं. वस्तू हाती आली की ती कसली, किती जुनी, याबद्दलचे गैरसमज सुरू होतात.

काहींचा समज असा की यंत्र सोनं ओळखतं. प्रत्यक्षात यंत्राच्या वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं, धातूत त्यामुळे विजेचे प्रवाह उमटतात आणि यंत्र तेवढेच टिपतं. पडद्यावरचा आकडा धातूची वाहकता, वस्तूचा आकार आणि ती आडवी पडली आहे की उभी, या सगळ्यांवर ठरतो. म्हणून सोन्याची नाजूक अंगठी आणि चुरगळलेली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल बरेचदा सारख्याच वाजतात. आपल्या काळ्या जमिनीत आणि कोकणातल्या जांभ्यात लोहखनिज भरपूर. तिथे साधी यंत्रं नुसत्या मातीवरही आवाज करतात.

नाण्यावर ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ ही अक्षरं दिसली की ते थेट शिवाजी महाराजांच्या काळचं, असं घरातले सगळे ठरवून टाकतात. ही भावना मला समजते, पण बहुतेक वेळा ते खरं नसतं. 1674च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेली ही शिवराई पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही त्याच मजकुरासह पडत राहिली, अनेक टांकसाळींतून. 1818मध्ये पेशवाई संपल्यावरही ती लगेच थांबली नाही. त्यामुळे सापडणाऱ्या शिवराया बहुतांशी अठराव्या शतकातल्या किंवा त्यानंतरच्या असतात. मागच्या बाजूला ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन समांतर रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे उत्तर पेशवाईच्या सुमाराची. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून काही अक्षरं मुळातच उमटलेली नसतात. जाणकार उरलेल्या अक्षरांचं वळण, कडेची टिंबं, बारीक चिन्हं आणि वजन पाहून काळ सांगतात.

ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून दाखवलं जाणारं राम-दरबाराचं ‘नाणं’ तर नाणंच नव्हे. चलनासाठी कंपनीने असं काही पाडलं नाही. आणि मधोमध भोक असलेला पैसा प्राचीन नसून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943पासून निघालेला आहे.

हिरवा रंग म्हणजे शेकडो वर्षं, हेही खरं नाही. ओलसर, खारट जमिनीत तांबं थोड्याच वर्षांत हिरवं होतं. खोलीवरूनही वय कळत नाही. नांगर, उंदरांची बिळं, झाडाची मुळं आणि पाण्याच्या नळासाठी खणलेले चर वस्तूंना वरखाली करत असतात.

सर्वांत जास्त नुकसान मात्र घासण्याने होतं. चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावली की गंजाच्या थराबरोबर त्या थरातच शिल्लक राहिलेली अक्षरं जातात, आणि ती परत आणता येत नाहीत. माती हलकेच झटकावी, वस्तू कोरडी ठेवावी. दोन्ही बाजूंचे फोटो, व्यास, वजन, नेमकी जागा, खोली आणि शेजारी काय होतं, हे लिहून ठेवावं.

या नोंदीची किंमत कळायला नाशिकजवळच्या जोगळटेंभीचं उदाहरण पुरे आहे. तिथे 1906मध्ये चांदीची 13,000हून अधिक नाणी एकत्र सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाची सत्ता सातवाहनांच्या हाती गेल्याचा हा इतका ठळक पुरावा उभा राहिला तो ढीग एकत्र अभ्यासता आला म्हणून. तीच नाणी एकेक करून सराफाकडे वितळली असती तर आपल्याला चांदी मिळाली असती, इतिहास नाही.

जमीन माझी म्हणून वस्तूही माझी, असं 1878चा निखात निधी कायदा मानत नाही. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवल्यास वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चौकशीत ती बेवारस ठरली, शासनाने घेतली नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. शासनाने घेतलीच, तर धातूच्या किमतीवर तिचा आणखी एक पंचमांश देऊन घेतं. संरक्षित स्मारकाच्या आवारात मात्र परवानगीशिवाय खणायचंच नाही.