गाळाने दिलेली साक्ष

स्वारगेटहून ठाण्याला निघालेली एसटी बोरघाट उतरू लागली, की राजमाचीच्या अंगाला खोल दरी दिसते. ते उल्हास नदीचं खोरं. कर्जत, बदलापूर, कल्याण करत हे पाणी वसईच्या खाडीला मिळतं. कल्याणच्या आसपास त्यात कारखान्यांचं सांडपाणी येतं, आणि त्या सांडपाण्यात एकेकाळी पारा होता.

पाऱ्याचा संबंध कॉस्टिक सोड्याशी. रेयॉन, साबण, कागद, सगळ्यांना हा सोडा लागतो. बनवायची जुनी रीत अशी: पाऱ्याच्या वाहत्या थरावर मिठाचं पाणी सोडून वीज खेळवायची. सोडियम पाऱ्यात मुरतो, मग पाण्याशी गाठ पडली की सोडा तयार आणि पारा पुन्हा वापरायला मोकळा. म्हणजे हिशेबात पारा खर्चच होत नाही! प्रत्यक्षात तो थोडाथोडा निसटत राहतो.

निसटलेला पारा काय करतो, हे जपानच्या मिनामाता गावाने भोगलं होतं. तिथला कारखाना सोड्याचा नव्हे, ॲसिटाल्डिहाइड या रसायनाचा; पण पारा त्यातही लागे. 1956 च्या मे महिन्यात कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉ. होसोकावा यांनी मज्जासंस्थेच्या एका अनोळखी आजाराची खबर सरकारी आरोग्य केंद्राला दिली. रोगी होते उपसागरातले मासे-शिंपले खाणारे कोळी आणि त्यांची मुलं. मांजरंही गरगरत फिरून मरत होती. 1959 च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच सुमारास होसोकावांनी एका मांजराच्या खाण्यात कारखान्याचं सांडपाणी मिसळायला सुरुवात केली. मांजर क्रमांक 400. ऑक्टोबरमध्ये ते लडखडू लागलं, लाळ गाळू लागलं. कंपनीने हा निष्कर्ष दाबला. 1970 मध्ये मरणाच्या दारात असताना होसोकावांनी इस्पितळातल्या खाटेवरून साक्ष दिली, तेव्हा तो न्यायालयापुढे आला.

आपल्याकडे 1981 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पण खाडीचं पाणी हा बेभरवशाचा साक्षीदार. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. सकाळचं पाणी संध्याकाळी तिथे नसतं. गाळ मात्र जागचा हलत नाही, आणि पारा गाळाच्या बारीक कणांना घट्ट चिकटतो. म्हणून गाळात उभी नळी खुपसायची, आत आलेली चिखलाची कांडी बाहेर काढून तिच्या चकत्या करायच्या आणि एकेक चकती तपासायची. वरची अलीकडची, खालची जुनी. उल्हासच्या गाळाचा असा अभ्यास राम, रोकडे, बोरोले आणि झिंगडे यांनी 2003 मध्ये छापला. आतल्या खाडीत, सांडपाणी मिळतं तिकडे, पारा जास्त. समुद्राकडे जावं तसा कमी. सोडा बनवायची रीत बदलली आणि सांडपाण्यावर बंधनं आली, त्यानंतरच्या थरांत तो उतरलेला. गुन्ह्याची रोजनिशीच म्हणायची.

गाळातले जिवाणू पाऱ्याचा मिथिल पारा करतात, आणि तो जिवंत शरीरात सहज शिरतो. तिसऱ्या, कालवं, शिनाणे जागचे फारसे हलत नाहीत. पाणी गाळूनच पोट भरतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या मांसात साठतं. मिठाच्या पाण्यात ठेवलेली तिसरी वाळू टाकते, पारा टाकत नाही. उकळूनही तो जात नाही. कॅडमियम आणि शिशाचीही तीच गत.

म्हणून तिसऱ्या सोडा, असं मी मुळीच म्हणणार नाही. सगळ्या खाड्या सारख्या नाहीत, आणि अन्नातल्या मिथिल पाऱ्याला किलोमागे 0.25 मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. पण ही मर्यादा कुठल्या खाडीचा माल पाळतो, हे गिऱ्हाइकाला कळायला नको का? अन्न व औषध प्रशासनाने खाडीनिहाय तपासणीचे आकडे मासळी बाजारात फळ्यावर लावावेत. तोवर कोळणीला भाव विचारताना माल कुठल्या खाडीचा, हेही विचारा.