वरून कोमट, आतून कढत

बटाटेवड्याने जीभ पोळली नाही असा मुंबईकर विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. वडा हातात धरवतो, ओठालाही तो सोसतो. पण दातांखाली फुटला की आतला बटाटा कढत निघतो. असे का होते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? आमच्या चेंबूरच्या घरी हा प्रश्न वड्याने नव्हे, तर एका वेगळ्या पदार्थाने पुढे आणला. आज तोच पदार्थ करता करता उत्तर शोधू.

इंग्रज लोक ह्या पदार्थाला ‘शेफर्ड्स पाय’ म्हणतात. (हा पाय आपला चालण्याचा नव्हे!) खाली शिजवलेला खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर आणि मग भट्टीत खरपूस भाजणे, इतकेच त्याचे स्वरूप. आपल्याला हा मेळ मुळीच परका नाही. कायस्थ प्रभू घरांतले खिमा पॅटिस किंवा गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतले पोटॅटो चॉप घ्या. तिथे बटाटा खिम्याला चहूबाजूंनी लपेटतो, इथे तो नुसता वर पांघरूण घालतो. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांनीच आपल्याला दिला आहे.

चारपाच माणसांसाठी अर्धा किलो खिमा आणि पाऊण किलो बटाटे पुरतात. जे मांसाहार करीत नाहीत त्यांनी सोयाबीनचा चुरा आणि मटार घ्यावेत. उष्णतेला त्याचे सोयरसुतक नसते. विस्तवाजवळची कामे मात्र घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करा.

कांदा, आले-लसूण परतून त्यात खिमा घाला. थोड्याच वेळात खिम्याला पाणी सुटेल. हे पाणी आहे तोवर पातेल्यातले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाणार नाही, कारण दिलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. मांसाचा तो खमंग तपकिरी रंग मात्र १४० अंशांच्या आसपास झपाट्याने येऊ लागतो. म्हणून घाई न करता पाणी आटू द्या, मग परता आणि शेवटी गरम मसाला व जरासे पाणी घालून शिजवा. आणखी एक गोष्ट. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जीवाणू बहुधा पृष्ठभागावरच असतात, पण खिमा करताना ते सगळीकडे मिसळले जातात. तेव्हा खिमा आतपर्यंत, निदान ७१ अंशांपर्यंत, तापलाच पाहिजे.

बटाटे सालीसकट कुकरमध्ये उकडा आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. मिक्सरला हात लावू नका! बटाट्याच्या पेशींत पिष्टाचे कण असतात. उकडताना ते पाणी पिऊन फुगतात. पुरणयंत्रात पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण बहुतेक शाबूत राहतात. मिक्सरचे पाते त्या फाडते, आतले पिष्ट बाहेर सांडते आणि तुमच्या हाती पतंगाला लावायची खळ येते. लोणी, गरम दूध आणि मीठ घालून बटाटा हलक्या हाताने कालवा, खिम्यावर पसरा आणि काट्याने वर रेघा ओढा. ह्या रेघा केवळ शोभेसाठी नाहीत. उंच कडांचे पाणी आधी उडते आणि त्या आधी तांबूस होतात.

ओव्हन असेल तर २०० अंशांवर अर्धा तास पुरे. पूर्वी घरोघरी ओव्हन नव्हते, तेव्हा कोलंबीचे भानोले करताना भांड्याच्या खाली आणि झाकणावरही निखारे ठेवीत. तीच युक्ती इथे चालते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत गरम पाणी आणि दुसरीत तितकाच गरम कुस्करलेला बटाटा भरा. दोन्हींच्या मध्यभागी आणि पृष्ठभागाजवळ तापमापक धरून दर पाच मिनिटांनी नोंद करा. पाण्यात वरचा थर निवाला की तो जड होऊन खाली जातो आणि खालचे गरम पाणी वर येते. यालाच आपण अभिसरण म्हणतो. त्यामुळे सगळे पाणी जवळजवळ बरोबरच निवते. बटाट्यात पाणी भरपूर असते, पण ते पेशींत आणि पिष्टात अडकलेले असते. त्याला हलता येत नाही. मग उष्णतेला एकच वाट उरते, ती वहनाची, आणि ही वाट फार संथ आहे.

काउंट रम्फर्ड ह्या शास्त्रज्ञाला हेच कोडे पडले होते. सफरचंदाच्या पायमधला गर इतका वेळ गरम कसा राहतो याचे त्याला नवल वाटे आणि भाताच्या दाट सुपाने त्याचे तोंडही भाजले होते. १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने द्रवातील उष्णतेच्या प्रवासाचा खुलासा केला. द्रवांतून वहन मुळीच होत नाही, असे मात्र तो म्हणून बसला, आणि तिथे तो चुकला. ते होते, पण सावकाश.

किती सावकाश? बटाट्याचा उष्णता-विसरणांक सेकंदाला सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर आहे. तांब्याचा ११५च्या घरात. थराच्या निम्म्या जाडीचा वर्ग करून त्याला विसरणांकाने भागले की मध्यभाग निवायला लागणाऱ्या वेळाचा ढोबळ अंदाज मिळतो. थर ५ सेंटिमीटरचा असेल तर निम्मी जाडी २५ मिलिमीटर, वर्ग ६२५ आणि वेळ सुमारे ४,५०० सेकंद, म्हणजे सव्वा तास. थर १० सेंटिमीटरचा केला तर? अडीच तास नव्हे, पाच तास! जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो.

हे गणित मी वर्गात अनेकदा शिकवले होते, तरी एका पावसाळ्यात घरी त्याचा विसर पडला. पाहुणे येणार म्हणून मोठ्या खोल पातेल्यात दुप्पट ‘पाय’ केला. त्यांचे येणे रद्द झाले. वरून हात लावला तर गारच लागले, म्हणून झाकण घालून तसेच रात्रभर ओट्यावर ठेवले. सकाळी कडेचा भाग ठीक होता, पण मधोमध चमचा घातला तर आंबूस वास आणि बारीक बुडबुडे. सगळे फेकावे लागले, आणि सौभाग्यवतींनी माझ्या पदवीचा उद्धार केला तो वेगळाच.

झाले होते ते असे. मांसात आढळणाऱ्या काही जीवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. ४३ ते ४७ अंश ही त्यांची आवडती ऊब. तिथे ते दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. तीन तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे २,६२,१४४! वरचा थर निवला तरी मध्यभाग तासन् तास ह्याच उबेत राहिला होता. वास येतोच असेही नाही, आणि काही जीवाणूंनी सोडलेले विष पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून उरलेला पदार्थ उथळ थाळ्यांत पसरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यासाठी त्याचेच दीड सेंटिमीटर जाडीचे पॅटिस थापा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा. निम्मी जाडी साडेसात मिलिमीटर. वर्ग करा, ०.१४ने भागा आणि किती मिनिटांत आत वाफ धरेल ते तव्यासमोर घड्याळ लावून पडताळून पाहा.