हजेरीपटाबाहेरचा विद्यार्थी

कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरीत १८५४ साली स्थापन झालेले सरकारी महाविद्यालय एके काळी ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणून नावाजले गेले. परंतु ज्या विद्यार्थ्यामुळे त्याचे नाव आज जगभर घेतले जाते, त्या श्रीनिवास रामानुजन यांची शिष्यवृत्ती, गणिताखेरीज अन्य विषयांत गुण न मिळाल्यामुळे, तेथेच बंद झाली, आणि १९०५ साली, अवघे सतरा वर्षांचे असताना, ते घरी कोणास न सांगता तेलुगू मुलखाकडे निघून गेले.

हा प्रसंग प्रतिभावंताची विक्षिप्तता म्हणून कौतुकाने सांगण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः आधी नापासाचा शिक्का, त्यामागोमाग फीची विवंचना, मग घरच्यांस तोंड कसे दाखवावे ही लज्जा आणि अखेरीस सर्वांपासून दूर निघून जाण्याची ओढ, हा क्रम आजच्या कोणत्याही वसतिगृहाच्या रेक्टरास परिचित वाटेल. पुढे इंग्लंडात, आजारपण व एकाकीपण यांनी ग्रासले असता, १९१८च्या आरंभी त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे चरित्रकार नमूद करतात. ते वाचले, आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्या घटकेस जे सर्वस्वी संपल्यासारखे भासले असेल, ते संपलेले नव्हते.

विद्यार्थ्याच्या योगक्षेमाची तजवीज रामानुजन यांच्या कावेरीकाठच्या मुलखाला अपरिचित होती असेही नाही. तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजीराजांनी ओरत्तनाडु येथे उभारलेल्या मुक्तांबाळ छत्रात प्रवाशास अन्न, विद्यार्थ्यास विद्या आणि आजाऱ्यास वैद्य यांची सोय एकाच आवारात होती. शिकणारा मुलगा हा जेवणारा व दुखणाईतही असतो, हे त्या व्यवस्थेने गृहीत धरले होते.

आज हीच जबाबदारी कायद्याच्या भाषेत मांडली गेली आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावयाचा आहे, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावयाचा आहे. शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांविषयीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरविला असून, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानून तिला शासनाने आधार द्यावा, असे फर्माविले आहे. पोलीसचौकशीच्या धास्तीने मित्राचा प्रकार दडवून ठेवणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

समुपदेशकाच्या खोलीची पायरी चढण्याचा संकोच वाटत असेल, त्याने १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक फिरवावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सरकारी सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालते. भाषा निवडण्याची मुभा असल्यामुळे कुंभकोणम् येथे शिकणाऱ्या मराठी मुलास आपले दुःख तोडक्यामोडक्या तमिळमध्ये मांडावे लागत नाही. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. गरज दिसल्यास तज्ज्ञाशी गाठ घालून देतो, किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे वा वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रत्यक्ष उपचारासाठी पाठवितो. झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, वर्गात जाणे नकोसे झाले, एवढे कारण पुरेसे आहे.

मात्र जिवास तत्काळ धोका दिसत असेल तर संकोचास जागा नाही. सोबत्याने त्या मुलास एकटे सोडू नये, घातक वस्तू त्याच्या हाताशी राहू देऊ नयेत, जीव देण्याचा विचार मनात येतो काय हे सरळ विचारावे (विचारल्याने तो विचार बळावत नाही), आणि ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागवावी. गुप्ततेची शपथ घातली असली तरी ती अशा वेळी पाळावयाची नसते.

उरते ते कचेरीचे काम. कोणाची शिष्यवृत्ती खुंटली, कोण अनेक विषयांत अनुत्तीर्ण झाला, कोणाची हजेरी एकाएकी घसरली, याची बित्तंबातमी दफ्तरात सर्वांआधी पोचते. आणि तेथून दंडाची नोटीस तेवढी निघते. नोटिशीवर सही होण्यापूर्वी त्या विद्यार्थ्यास बोलावून, ‘तुझे काय बिनसले आहे?’ एवढे विचारण्याचा नियम प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःस घालून घ्यावा. त्यास न नवी इमारत लागते, न सरकारी मंजुरी.