कचरागाडीवरचा कामगार कोणत्या रकान्यात?

नागपुरात घरोघरचा कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, सरकारी कार्यालयांच्या दारावर पहारा देणारे आणि आत संगणकावर नोंदी करणारे लोक एकूण किती, हे सांगणारा एकच आकडा कुठेही छापून येत नाही. अमेरिकेत प्रशासकीय साहाय्य आणि कचरा व्यवस्थापन ही कामे रोजगाराच्या एका गटात धरतात आणि त्या गटाचा राज्यवार आकडा दरमहा निघतो. आपल्याकडे असा गट नाही. मोजणी होते, पण तीन-चार वेगवेगळ्या हिशोबांत, आणि प्रत्येक हिशोबात त्याच कामगाराची जागा बदलते.

आधी वर्गीकरण. 2008 च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात कचरा गोळा करणे आणि त्याची विल्हेवाट लावणे हे काम ‘ई’ विभागात, 38 क्रमांकाखाली येते. मनुष्यबळ पुरवठा 78, सुरक्षा 80, साफसफाई 81 आणि कार्यालयीन साहाय्य 82. हे सगळे ‘एन’ विभागात. रस्ता झाडणे हे काम 81 मध्ये बसते, तर झाडून जमलेला ढीग गाडीत भरून नेणे 38 मध्ये. म्हणजे एकाच बीटवर सकाळी सोबत काम करणारे दोघे कागदावर दोन निराळ्या उद्योगांत असू शकतात.

हे क्रमांक वापरले जातात ते पहिल्या हिशोबात, म्हणजे नियतकालिक श्रमबल पाहणीत. 2017 साली ती सुरू झाली आणि 2025 मध्ये तिचे मासिक अंदाज येऊ लागले. प्रगणक निवडलेल्या घरी जातो आणि प्रत्येकाचे काम विचारतो: गेल्या वर्षभरात काय केले, गेल्या सात दिवसांत काय केले, पगार नियमित की रोजंदारी, लेखी करार आहे का, पगारी रजा मिळते का, आस्थापना सरकारी की खासगी. या शेवटच्या प्रश्नावर माझ्या मते सगळे अवलंबून आहे. ठेकेदाराच्या गाडीवर काम करणाऱ्याला विचारले, ‘‘कुठे काम करता?’’, तर तो सहज म्हणेल, ‘‘मनपात.’’ त्याच्या दृष्टीने ते खरेच आहे. रस्ते मनपाचे, कचरा शहराचा. प्रगणकाने पुढे ‘‘पगार कोण देतं?’’ असे विचारले नाही, तर एक कंत्राटी कामगार सरकारी रकान्यात जाऊन बसतो. शिवाय ही नमुना पाहणी आहे. राज्याचे मोठे चित्र ती विश्वासार्हपणे दाखवते, एका शहरातल्या एका कामाची मोजदाद तिच्याकडे मागू नये.

दुसरा हिशोब मनपाच्या आस्थापनेचा: मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. यात कायम सफाई कामगार येतात. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसा हक्काने लागलेलेही यातच. नागपुरात याच्या कडेला ‘ऐवजदार’ होते. कायम कामगाराच्या ऐवजी कामावर येणारे हे लोक वर्षानुवर्षे रोज झाडू मारत राहिले, पण पद त्यांच्या नावावर नव्हते. मस्टरवर हजेरी आहे आणि मंजूर पदांत नाव नाही, अशी ही स्थिती. त्यांना कायम करण्यासाठी संघटनांना दीर्घकाळ लढावे लागले, त्याचे मूळ या फरकात होते. काही वर्षांपूर्वी मनपाने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. त्यातून माणूस बीटवर आहे की नाही हे कळते, त्याची नोकरी कोणत्या प्रकारची आहे हे कळत नाही.

तिसरा हिशोब भविष्य निर्वाह निधीचा. निधी संघटना 2018 पासून दरमहा वेतनपटाची आकडेवारी देते, राज्यवार आणि उद्योगवार. तिच्यात ‘तज्ज्ञ सेवा’ नावाचा मोठा गट आहे. नावावरून सल्लागार डोळ्यांसमोर येतात, पण त्यात मनुष्यबळ पुरवठादार, सुरक्षा संस्था आणि खासगी कंत्राटदार असतात. ठेक्यावरचा सफाई कामगार अनेकदा याच गटात दडलेला असतो. दुसरे म्हणजे हा आकडा निव्वळ भरीचा असतो: नवे आलेले, अधिक परत आलेले, वजा बाहेर पडलेले. 2019 च्या नोव्हेंबरात नागपूरच्या कचरा संकलनाचा ठेका ‘कनक’कडून दोन कंपन्यांकडे गेला, पाच झोन एजी एन्व्हायरोकडे, पाच बीव्हीजीकडे. अशा बदलात जुन्या ठेकेदाराकडचा कामगार नव्याकडे लागला, तर एका खात्यातून बाहेर आणि दुसऱ्यात आत अशी नोंद होते. निव्वळ आकड्यात फरक दिसत नाही. तो मध्ये दोन महिने घरी बसला, की जुनी सेवा मोडली, हे त्या बेरजेतून वाचता येत नाही.

आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोवर भंगार वेचणारी बाई यांपैकी फक्त पहिल्या हिशोबात येऊ शकते, तीही स्वयंरोजगारित म्हणून.

नागपूरपुरता खरा आकडा हवा असेल, तर माहितीच्या अधिकारात तीन कागद एकत्र मागावेत: झोनवार मंजूर आणि कार्यरत पदांचा तक्ता, प्रत्येक ठेकेदाराने कामावर ठेवलेल्या कामगारांची महिनावार संख्या, आणि त्याच महिन्याच्या बिलासोबत जोडलेल्या भविष्य निर्वाह निधीच्या चलनातली कामगारसंख्या. नावे मागू नयेत, संख्या पुरे. दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदातले आकडे जुळले नाहीत, तर पुढचा अर्ज कोणत्या झोनसाठी करायचा ते तिथेच ठरते.