थायरॉइडची गोळी, स्टेम सेल आणि पाठीचा कणा

सिमरोलच्या घाटातल्या अपघाताची बातमी दोन ओळींत संपते. कण्याला मार बसलेल्या माणसाच्या घरी मात्र ती वर्षानुवर्षे चालू राहते. अशाच एका परिचित कुटुंबाने मला विचारले, "काका, एफडी मोडून मुलाला स्टेम सेलची इंजेक्शने द्यावीत का?" मी कॉमर्सचा माणूस. म्हणून आधी वाचले, मग बोललो.

मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचे वेष्टन असते, विजेच्या तारेवर प्लास्टिक असते तसे. मार बसला की तंतू तुटतात, वेष्टन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि जखमेचा वण नवी वाढ अडवतो. तिथे स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी सोडून नव्या पेशी घडवाव्यात, ही कल्पना. अडचण अशी की, सुजलेल्या जागी बऱ्याच पेशी जगतच नाहीत. जगल्या तरी हव्या त्या प्रकारच्या होतील याची खात्री नसते.

इथे हार्मोन मदतीला येतील असे संशोधकांना वाटते. आपल्यापैकी कितीतरी जण सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात. तेच हार्मोन अपक्व पेशींना मायलिन बनवणाऱ्या पेशींकडे वळवते. डायलिसिसच्या रुग्णांना देतात ते एरिथ्रोपोएटिन आणि झोपेशी निगडित मेलाटोनिन यांचेही प्रयोग उंदरांवर झाले आहेत. रोपाबरोबर खतपाणी द्यावे, तसा हा विचार.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मेंदूच्या इजेवर प्रोजेस्टेरॉन हार्मोन प्राण्यांमध्ये आशादायक ठरले होते. २०१४ मध्ये दोन मोठ्या मानवी चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा दोन्हींत फायदा दिसला नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या कारणांसाठीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेल उपचार मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कोणी लाखांचे पॅकेज सांगितले, तर आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा.

त्या कुटुंबाला मी एवढेच सांगितले: एफडी राहू द्या, फिजिओथेरपी सोडू नका. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली अधू झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकले, ते सरावाच्या बळावर.

आणि घाटात अपघात दिसलाच, तर जखमीला दुमडून गाडीत कोंबू नका. १०८ ला फोन करा, मान आणि पाठ हलू देऊ नका. कणा वाचवण्याची पहिली संधी तीच असते.