नगाऱ्याचें वय

अष्टविनायकांपैकीं महागणपतीचें स्थान म्हणून रांजणगांव सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शिरूर तालुक्यांत हें गांव लागतें. देवळाच्या महाद्वारावर नगारखाना आहे. अशा एखाद्या प्रसिद्ध देवस्थानाचें नांव जुन्या वस्तूस चिकटलें, कीं तिची किंमत सहज चढते. अलीकडे जुन्या वस्तूंचा बाजार ऑनलाइन भरूं लागला आहे. तेथें पेशवेकालीन म्हणून एखादा नगारा विक्रीस आलेला दिसला, तर दिवाणखान्याची शोभा म्हणून तो घेण्याचा मोह शहरांतील गृहस्थास होणें स्वाभाविक आहे. परंतु केवळ छायाचित्रें पाहून त्या नगाऱ्याचें वय ओळखावें कसें?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चर्मवाद्याचें कातडें हें झिजणारें अंग आहे. तबल्याची पुडी बदलावी लागते, तसाच नगाराही पुनःपुन्हा मढवावा लागतो. म्हणून कातडें नवें दिसलें तरी वाद्य खोटें ठरत नाहीं. उलट, दोनशें वर्षांपूर्वींचें कातडें अद्याप जसेंच्या तसें ताणलेलें आहे असें कोणी सांगूं लागला, तर तेथेंच शंका घ्यावी. वाद्याचें वय त्याच्या भांड्यांत असतें.

पाश्चात्त्य ड्रमचे संग्राहकही याच न्यायानें चालतात. शिकागोच्या लुडविग कंपनीच्या ड्रमवर १९६३-६४ च्या सुमारापासून अनुक्रमांक ठोकलेली धातूची पट्टी आढळते. पण पट्टी एका ड्रमवरून काढून दुसऱ्यावर बसवितां येते. म्हणून जाणता मनुष्य पट्टीवर विसंबत नाहीं. तो लांकडी पिंपाच्या आंत डोकावतो, लांकडाचे थर न्याहाळतो आणि मागाहून पाडलेलीं भोकें शोधतो.

नगाऱ्याचें भांडें बहुधा तांब्याचें किंवा लोखंडाचें असतें. तांब्याचें असेल, तर पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत आजही चालणारें मठारकाम एकदां पाहून यावें. हातानें मठारलेल्या भांड्यावर ठोक्यांचें अंतर किंचित् कमीजास्त असतें, आणि कांठाशीं व बुडाशीं पत्र्याची जाडी सारखी नसते. यंत्रावर फिरवून घडविलेल्या भांड्यावर मात्र एकाच मध्याभोंवतीं बारीक वर्तुळें उमटतात. तथापि ही कला जिवंत असल्यामुळें हातकाम म्हणजे जुनें काम, असें समजूं नये. यंत्राची खूण जुनेपणाचा दावा खोडूं शकते. हाताची खूण तो सिद्ध करीत नाहीं.

रंगही असाच फसवितो. तांब्यावरील तपकिरी छटा व कळंक वर्षानुवर्षें सांचत जातात. खोबणींत ते दाट असतात आणि जेथें हात लागतो तेथें पुसट होतात. रसायनानें आणलेली हिरवी झांक पुष्कळदां सर्वत्र सारखी पसरते आणि ओल्या फडक्यानेंही निघूं लागते. कड्या व बिजागऱ्याही पाहाव्यात. फुलीच्या खांचेचा स्क्रू अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आला, आणि पेशवाई तर १८१८ सालींच संपली. असा स्क्रू एखाद्या दुरुस्तींत बसविलेला असूं शकेल. पण मूळ जोडकामच त्याच्यावर उभें असेल, तर निराळा पुरावा नको.

भांड्यावर दात्याचें नांव व शक कोरलेला असेल, तर गणित करावें. शकाच्या आंकड्यांत १२ मिळवून ६० नें भागावें. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६. त्यांत १२ मिळविले कीं १६०८ होतात, आणि ६० नें भागून बाकी ४८ उरते. अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, आणि त्या वर्षीं तोच होता. कोरणाराचा शक आणि संवत्सर जुळत नसतील, तर लेखाविषयीं सावध व्हावें.

इतकें झाल्यावर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उरतो: हा नगारा आला कोठून? १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची किंवा धार्मिक वस्तु पुरावशेष ठरूं शकते. तिचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं, आणि खासगी माणसास ती परदेशीं पाठवितां येत नाहीं. म्हणून पेशवेकालीन माल नित्य विकणाऱ्या दुकानदारास परवाना विचारावा. परवाना नसेल, तर एक तर त्याचा दावा खोटा, नाहीं तर त्याचा व्यवहार बेकायदा. दोन्ही प्रसंगीं पैसे देऊं नयेत.

खोटा नगारा घेतला, तर नुकसान एका घराचें होतें. पण खरा नगारा आडमार्गानें घेतला, तर एखाद्या गांवच्या देवळांतील त्रिकाळ वाजणारा नाद कायमचा मुका होतो, आणि त्या चोरीस गिऱ्हाइकाच्या पैशाचें बळ मिळतें. म्हणून कांठ, बूड, सांधे व कड्या यांचीं जवळून घेतलेलीं छायाचित्रें मागावींत, वजन विचारावें, आणि पूर्वींच्या मालकाचा लेखी दाखला मिळाल्यावांचून व्यवहार करूं नये. प्रामाणिक विक्रेत्यास अशा प्रश्नांचा राग येत नाहीं. ज्याला येतो, त्याच्या मालाचें वय विचारण्याचेंही कारण उरत नाहीं.